दगडात लाकूड कशासाठी? (कार्ले, सक्कारा, लिशिया आणि इतर)

कातळवाटा

कार्ल्याचं चैत्यगृह (बौद्ध लेण्यातलं स्तूपाचं प्रार्थना-दालन) पाहिलेल्या सगळ्यांना विचारायचं आहे. आत जाऊन मान वर केली की गजपृष्ठाकार (हत्तीच्या पाठीसारख्या गोलसर) छताला फासळ्या दिसतात. त्या कोरलेल्या नाहीत, खऱ्या सागवानी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा लेणं घडलं त्या काळातल्या, म्हणजे इ.स.च्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या. पण डोंगर पोखरून केलेल्या दालनाला या फासळ्यांचा काहीच आधार नाही. छत म्हणजे डोंगरच, तो आपल्या बळावर उभा आहे. मग कातळात खाचा पाडायच्या, वळणदार फासळ्या घडवायच्या आणि सुमारे १४ मीटर उंचीवर नेऊन बसवायच्या, ही सगळी मेहनत कशासाठी?

भाजे लेण्यात याच्या पुढची पायरी आहे. तिथले खांब सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताच्या कमानी खांबांना बाहेर रेटतात, म्हणून खांब आत झुकवून रोवत असत. कातळात रेटा देणारं कुणीच नाही, तरी खांब झुकलेले!

हे फक्त आपल्याकडे घडलं असतं तर मी धागा काढला नसता. पण इजिप्त, ग्रीस, तुर्कस्तान, मेक्सिको, जिथे जिथे माणसं दगडात मोठं काम करायला लागली, तिथे तिथे त्यांनी आधी लाकूड, बोरू, बांबू, गवत यांचीच रूपं दगडात उतरवलेली दिसतात. पुस्तकांतून याला अनेकदा "दगड अजून समजला नव्हता" असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्यांनी कार्ले कोरलं त्यांना दगड समजला नव्हता? माझं मत असं की त्यांनी ते रूप जाणूनबुजून राखलं, कारण पवित्र वास्तू ओळखू यायची ती त्या रूपावरूनच.

तुम्ही जे जे पाहिलं असेल ते सविस्तर लिहा.

---

अबोली

जागा पकडून ठेवते. विषय फार आवडता आहे, रात्री निवांत लिहीन.

---

आगरवाडी

एकविरा आई आमची कुलदेवता. दरवर्षी चैत्रात पालखीला जातो. देवीचं देऊळ अगदी लेण्याच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे लहानपणापासून त्या चैत्यगृहाच्या दारात उभा राहिलोय, पण आम्ही आत जाऊन वर कधी बघितलंच नाही. आमच्याकडे त्या लाकडाबद्दल कुणी काही सांगितलेलं आठवत नाही. या वर्षी सगळ्या पोरांना आत नेऊन दाखवणार.

---

ग्रंथालयाचा_कोपरा

चांगला धागा. "दगड समजला नव्हता" हे मत बरंच जुनं आहे. १९व्या शतकात जेम्स फर्ग्युसन या स्थापत्याच्या इतिहासकाराने लेण्यांतली ही लाकडी वळणं पाहून असा तर्क मांडला की भारतात अशोकाच्या आधी महत्त्वाच्या इमारती लाकडाच्याच होत्या. त्यातला निम्मा भाग खरा निघाला. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगास्थेनिस या ग्रीक वकिलाने पाटलीपुत्राभोवती लाकडी तटबंदी असल्याचं लिहिलं होतं, ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे असलेली. पुढे पाटण्याच्या बुलंदीबाग भागात उत्खननात भल्यामोठ्या लाकडी तटबंदीचे अवशेष सापडलेच.

पण लाकूड वापरत होते म्हणजे दगड येत नव्हता, ही उडी चुकीची आहे. बिहारमधल्या बराबर डोंगरातल्या गुंफा बघा. सुदामा गुंफेत अशोकाच्या राज्यारोहणाच्या १२व्या वर्षाचा लेख आहे, म्हणजे इ.स.पू. तिसरं शतक. आतला ग्रॅनाइट असा घासलाय की भिंत आरशासारखी चकाकते. आणि त्याच गुंफेत आतल्या बाजूला एक गोल झोपडी कोरली आहे, तिच्या छपराची वळचण बाहेर आलेली! शेजारच्या लोमश ऋषी गुंफेच्या दर्शनी भागावर लाकडी कमानीचे वासे, त्यांची टोकं, मधली जाळी, सगळं जसंच्या तसं कोरलंय. ग्रॅनाइटला एवढी झिलई आणणाऱ्या माणसाला दगड समजला नव्हता असं कोण म्हणेल?

कातळवाटा, तुमच्याशी सहमत आहे.

---

तुळई

स्थापत्य अभियंता म्हणून एक मुद्दा. दगड दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. आडवी तुळई टाकली की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो. लाकूड तो घेतं, दगडाला भेग जाते. म्हणून लाकडी घराचा आराखडा जसाच्या तसा दगडात रचायला गेलं की खांब जवळजवळ आणावे लागतात. इजिप्तमधल्या कर्नाकच्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत, आणि ते इतके दाट की आत दालन कमी आणि खांबच जास्त. त्याच्या उलट इराणमधलं पर्सेपोलिस. तिथल्या अपादानात, म्हणजे राजाच्या दरबार-दालनात, खांब दगडाचे पण छत लाकडाचं होतं, लेबनॉनच्या देवदाराच्या तुळयांचं. त्यामुळे सुमारे २० मीटर उंचीचे सडपातळ खांब ८ मीटरांहून जास्त अंतरावर उभे करता आले. एकूण ७२ खांब होते, आज १३ उभे आहेत. छत इ.स.पू. ३३०मध्ये अलेक्झांडरच्या आगीत गेलं.

रचलेल्या वास्तूत लाकडाची नक्कल महाग पडते. कोरलेल्या वास्तूत ती फुकट आहे, कारण तिथे कुठलाच भाग भार घेत नाही. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत, तिथे जाऊन पाहा. चैत्यगृहातल्या बऱ्याच खांबांचे खालचे भाग पाण्याने झिजून गेलेत आणि वरचे तुकडे छताला लोंबताहेत. म्हणजे खांबांनी छत धरलेलं नाही, छताने खांब धरलेत. अशा ठिकाणी कलाकाराला हवं ते रूप घ्यायची मोकळीक होती. प्रश्न एवढाच की मोकळीक असताना त्याने हेच रूप का घेतलं.

---

रानजाई

कोंडाण्याच्या त्या लोंबत्या खांबांखाली उभं राहून आमच्या गटातल्या एका काकांनी शांतपणे विचारलं होतं, "म्हणजे आता हे पडत नाहीत ना?" तुळईसाहेब, तुमचा प्रतिसाद त्यांना पाठवते :-)

---

नाईलकाठ

कामानिमित्त कैरोत काही वर्षं राहिलो. सक्काऱ्याला पुन्हा पुन्हा जात असे, गिझाहून जास्त वेळा. या धाग्यासाठी सक्कारा म्हणजे मूळपीठ.

जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, तिसरं घराणं, इ.स.पू. २७वं शतक. त्याचा कर्ता म्हणून इम्होतेपचं नाव घेतलं जातं. घडीव दगडात एवढा मोठा प्रकल्प याआधी जगात कुठेही झालेला नव्हता. पिरॅमिड ६० मीटरांच्या आसपास उंच, सहा टप्प्यांचा. पण पर्यटक पिरॅमिडचा फोटो काढून निघून जातात आणि खरी मौज आवारात आहे.

आवाराची भिंत साधारण १० मीटर उंच, पांढऱ्या चुनखडकाची. तिच्यात १५ दरवाजे दिसतात, त्यातले १४ खोटे. खऱ्या दारातून आत गेलं की लांब ओसरी लागते, दुतर्फा खांब. प्रत्येक खांब म्हणजे बोरूच्या काड्यांची जुडी, काडी न् काडी वेगळी दिसते. वर बघा, छताचा दगड खजुराच्या गोल ओंडक्यांसारखा कोरलाय. दाराशी दगडी दरवाजाचं पान आहे, उघडं, भिंतीला टेकलेलं, बिजागरीच्या खुंटासकट. ते कधीच बंद होणार नाही, दगडच आहे तो. आणि जमिनीखालच्या दालनांत निळ्याशार फरश्या अशा लावल्यात की भिंतीवर बोरूच्या चटया टांगल्यासारख्या वाटतात.

आता "दगड समजला नव्हता"बद्दल. सक्काऱ्यात याला थोडा आधार आहे, हे मान्य करायला हवं. ते खांब सुटे उभे नाहीत, प्रत्येक खांब मागच्या भिंतीला आडव्या भिंतीने जोडलेला आहे. वापरलेले दगडही लहान, मातीच्या विटांच्या मापाच्या सवयीतले. नव्या सामग्रीवर पूर्ण भरवसा बसलेला नव्हता. पण शंभरेक वर्षांत त्याच लोकांनी गिझाला ग्रॅनाइटच्या प्रचंड तुळया चढवल्या, आणि तरीही पुढची अडीच हजार वर्षं इजिप्तच्या खांबांवर पपायरस आणि कमळ फुलतच राहिलं. सुरुवातीच्या अविश्वासाने सक्कारा समजतं, पुढची अडीच हजार वर्षं समजत नाहीत. तिथे कातळवाटा म्हणतात तेच खरं वाटतं.

---

अबोली

नाईलकाठ, फार सुंदर लिहिलंत. ते उघडं दार डोळ्यांसमोर आलं. तो भाग इतका नीट बघता येतो याचं बरंचसं श्रेय जाँ-फिलिप लोएर या फ्रेंच वास्तुविशारदाला आहे. १९२६मध्ये तो सक्काऱ्याला गेला आणि उरलेलं आयुष्य, २००१मध्ये वारला तोवर, पडलेले तुकडे जुळवून त्या भिंती आणि ओसरी पुन्हा उभी करत राहिला.

माझी भर इराकची. सुमेर म्हणजे मातीच्या विटा असं आपण शाळेत शिकतो. पण दक्षिण इराकच्या दलदलीत दगड नाही, लाकूड जवळपास नाही, आहे तो फक्त बोरू. तिथले लोक आजही बोरूच्या जाड जुड्या जमिनीत रोवून, समोरासमोरची टोकं वाकवून एकत्र बांधतात आणि कमानींची रांग उभी करून त्यावर चटया घालतात. गावाचं पाहुणेघर, त्याला मुधीफ म्हणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये उरुक (सुमेरचं प्राचीन शहर) काळातली एक दगडी डोणी आहे, ५००० वर्षांपूर्वीची. तिच्यावर मेंढ्या एका बोरूच्या घराकडे येताना कोरल्यात. ते घर आणि आजचा मुधीफ नात्यातले आहेत हे बघताक्षणी कळतं.

उरुकच्याच देवळांत मातीचे रंगीत शंकू भिंतीत खोचून नक्षी केली आहे. तिरप्या रेघा, समभुज चौकोन, म्हणजे चटईची वीण. देऊळ विटांचं झालं तरी अंगावरची चटई काढली नाही.

---

दादरचा_जोशी

सगळे एकाच सुरात बोलत आहेत म्हणून विरोधी बाजू मांडतो.

हेतू वगैरे आपण आज चिकटवतो. कारागीर जे शिकला ते करतो, एवढंच. ग्रीक देवळांचं बघा. डोरिक (ग्रीकांची एक जुनी शैली) देवळाच्या खांबांवरच्या पट्टीवर तीन उभ्या रेघांचे ठोकळे असतात, त्यांच्याखाली बारीक थेंबांसारखे गुंडे. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने सांगितलं की हे मूळ लाकडी तुळयांच्या कापलेल्या टोकांवर सुतारांनी ठोकलेले निळे फळकुट, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. पण तुळया इमारतीच्या चारही बाजूंना टोकं काढत नाहीत! ज्या दिशेने त्या टाकल्या त्याच दोन बाजूंना टोकं येतील. डोरिक देवळात मात्र हे ठोकळे चारही बाजूंना आहेत. शिवाय कोपऱ्यावरचा ठोकळा खांबाच्या मध्यावर बसत नाही, त्यासाठी ग्रीकांना कोपऱ्यातले खांब जवळ सरकवावे लागले. म्हणजे एक तर ती लाकडाची आठवण नव्हती, नाहीतर आठवण विसरून नुसती नक्षी उरली होती. दोन्हीपैकी काहीही असलं तरी "जाणूनबुजून राखलं" हे सिद्ध होत नाही.

---

ग्रंथालयाचा_कोपरा

@दादरचा_जोशी, ठोकळ्यांचा मुद्दा बिनतोड आहे. व्हिट्रुव्हियस इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्याच्या काळी पहिली डोरिक देवळं बांधून ५००हून जास्त वर्षं झाली होती, तेव्हा त्याच्या शब्दावर सगळं उभारू नये.

पण ग्रीसमध्येच तुमच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे. ऑलिंपियाचं हेरा देवीचं देऊळ, इ.स.पू. ६००च्या सुमाराचं. त्याचे खांब मुळात लाकडाचे होते आणि एकेक खराब झाला तसा दगडाचा बसवत गेले. म्हणून तिथला एक खांब दुसऱ्यासारखा नाही. कुणाची जाडी वेगळी, कुणाचं शीर्ष त्या त्या शतकाच्या पद्धतीचं. पॉसानियस हा ग्रीक प्रवासी इ.स.च्या दुसऱ्या शतकात तिथे गेला तेव्हा मागच्या ओसरीत ओकच्या लाकडाचा एक खांब अजून उभा होता. ७०० वर्षांहून अधिक काळ! तोवर अख्खं ग्रीस संगमरवराचं झालं होतं. तो लाकडी खांब बदलायला पैसे नव्हते असं म्हणता येणार नाही. त्यांनी तो ठेवला.

---

दादरचा_जोशी

हेराच्या देवळाचं मान्य. एखादा खांब जपणं समजू शकतो. पण त्यावरून सगळ्या जगाचा नियम करू नका, एवढंच म्हणणं आहे.

---

इझ्मिरकर

लिशियाचं नाव शीर्षकात आहे म्हणून खास लॉगिन केलं. नोकरीमुळे पश्चिम तुर्कस्तानात असतो, सुट्टी मिळाली की दक्षिण किनारा.

लिशिया म्हणजे अंताल्याच्या पश्चिमेचा डोंगराळ किनारा. मायरा (आजचं देम्रे) गावामागच्या कड्यात थरावर थर थडगी कोरली आहेत, बरीचशी इ.स.पू. चौथ्या शतकातली. दुरून पाहिलं तर कड्यावर लाकडी घरांची चाळच दिसते. खांब, चौकटी, एकमेकांत खाच पाडून अडकवलेल्या तुळया, बाहेर डोकावणारी त्यांची टोकं. छपराच्या कडेला गोल ओंडक्यांची रांग, अगदी नाईलकाठ यांनी सक्काऱ्याबद्दल लिहिलं तशी. एका सांध्याच्या जागीही चूक नाही. ज्याने कोरलं त्याने ते घर लाकडात बांधलेलं होतं किंवा बांधताना जवळून पाहिलेलं होतं, याबद्दल मला शंका नाही. त्या डोंगरांत गावकरी धान्यासाठी लाकडी कोठारं बांधत आले आहेत, तीही याच ठेवणीची.

दुसरा प्रकार सुट्या उभ्या थडग्यांचा. वर उंच टोकदार कमानीसारखं झाकण. झॅन्थोसचं पायावाचं थडगं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचं झाकण समोरून बघितलं आणि मला आपल्या चैत्याची कमान आठवली. अंगावर काटा आला. त्यातही कमानीच्या आत लाकडी चौकट आणि तुळयांची टोकं आहेत. कुणी सांगेल का, यांचा संबंध आहे?

---

शेंदूर

संबंध नक्की असणार! आपल्याकडूनच कमान तिकडे गेली असेल.

---

ग्रंथालयाचा_कोपरा

@शेंदूर, घाई नको. पायावाचं थडगं इ.स.पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातलं, लोमश ऋषी तिसऱ्या शतकातली. तारखांवरून प्रवास उलटाच सांगावा लागेल, आणि काही युरोपीय अभ्यासकांनी तो सांगितलाही. दोन्ही प्रदेश काही काळ प्राचीन इराणच्या एकाच अखामनी साम्राज्याच्या छत्राखाली होते, त्या साम्राज्याचा राजा दारियस याच्या सुसा इथल्या शिलालेखात महालासाठी लेबनॉनचा देवदार, गांधारचं लाकूड, सिंधकडचं हस्तिदंत आणि आयोनियाचे पाथरवट आल्याची नोंद आहे. म्हणजे कारागीर हिंडत होते हे खरं.

पण कमानीसाठी कुणाला कुठून यावं लागलं असं मला वाटत नाही. लवचिक लाकूड किंवा बांबू वाकवून वर बांधला की ती कमान आपोआप होते. निलगिरीतल्या तोडा लोकांच्या झोपड्या बघा, बांबू-वेताच्या, अर्धगोल छपराच्या, समोरून थेट चैत्य. वर अबोलीने सांगितलेला मुधीफही त्याच आकाराचा. तीन ठिकाणी सारखी सामग्री, सारखी रीत, सारखा आकार.

---

सुतारनेट

घरात पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी. मी स्वतः आता फर्निचरचा कारखाना चालवतो. इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

वेरूळचं १०वं लेणं. त्याला विश्वकर्मा लेणं म्हणतात, जुने लोक "सुताराचं झोपडं" म्हणतात. सातव्या शतकातलं चैत्यगृह. आत छताला फासळ्या आहेत आणि त्या सगळ्या दगडात कोरलेल्या. आत स्तूपासमोर बुद्ध पाय खाली सोडून बसलेत. आमचे आजोबा त्यांना विश्वकर्मा म्हणूनच नमस्कार करायचे. सुतार मंडळी पूर्वीपासून तिथे हत्यारांचा धनी म्हणून पाया पडायला जात आली आहेत. मला मोठेपणी कळलं की ती मूर्ती बुद्धाची आहे. आजही हात जोडतो, दोघांनाही.

आता धंद्यातलं सांगतो. कार्ल्याला खांबांच्या तळाशी घडा आहे, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर ठेवलेला. अभ्यासक म्हणतात की लाकडी खांब वाळवी आणि ओल लागू नये म्हणून मडक्यात उभा करत, त्याचं हे रूप. मला हे लगेच पटलं. खांबाचं बूड जमिनीला टेकू द्यायचं नाही, हा आमचा पहिला धडा. खाली दगडी तळखडा घालतात तो त्यासाठीच. दगडाच्या खांबाला वाळवी लागणार नाही हे कोरणाऱ्याला माहीत नव्हतं का? होतं. पण बुडाशी काही नसलेला खांब त्याच्या डोळ्याला अपुरा वाटला असणार. मी लोखंडी पाइपचे पाय लावतो तेव्हा मलाही खाली काहीतरी बसवल्याशिवाय चैन पडत नाही.

जोशी साहेब म्हणतात कारागीर शिकला ते करतो. बरोबर आहे. पण "एवढंच" म्हणू नका. शिकलेलं हातात राहणं ही छोटी गोष्ट नाही.

---

रानजाई

सुतारनेट, हा प्रतिसाद धाग्याचा मुकुटमणी आहे.

---

ग्रंथालयाचा_कोपरा

सुतारनेट, तुम्हाला आनंद होईल अशी गोष्ट. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराजवळ एक दानलेख आहे. धेनुकाकट इथला सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, याने दार केलं असं त्यात म्हटलंय. दगडी दार, करणारा सुतार! त्याच ठिकाणी वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, तो या लेण्याला जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह म्हणतो. श्रेष्ठीच्या शेजारी सुताराचंही नाव कोरलेलं राहिलं.

सांचीला दक्षिण तोरणावर असाच लेख आहे, विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे रूपकाम केलं असा. सांचीचे दगडी कठडेही बघा. उभ्या खांबांत भिंगाच्या आकाराच्या खाचा पाडून आडवे दगड त्यात सरकवलेत, शुद्ध लाकडी कुंपणाची रीत. एकाच कसबाची माणसं एका सामग्रीतून दुसरीत गेली याचा एवढा थेट पुरावा जगात फार कमी ठिकाणी मिळतो.

---

तुळई

आणि सुतारनेट यांच्या १०व्या लेण्यामुळे एक क्रम लागतो तो मांडतो. भाजे, इ.स.पू. दुसरं शतक: फासळ्या पूर्ण लाकडी. अजिंठ्याचं १०वं लेणं, भाज्याच्या जवळपासच्या काळातलं: मधल्या दालनाला लाकडी फासळ्या होत्या, आता फक्त खाचा उरल्यात, पण बाजूच्या ओसऱ्यांत फासळ्या दगडात कोरून काढल्या. अजिंठा १९ आणि २६, पाचवं शतक: सगळ्या दगडी. वेरूळ १०, सातवं शतक: दगडी. ८०० वर्षं.

कारागिराची सवय एक-दोन पिढ्या टिकते, आठ शतकं टिकत नाही. जोशी, इथे तुमचा युक्तिवाद कमी पडतो. वेरूळचे पाथरवट लाकडी चैत्यावरून नक्कल करत नव्हते, आधीच्या लेण्यांवरून करत होते. त्यांच्यासाठी फासळी नसलेलं चैत्यगृह म्हणजे चैत्यगृहच नव्हतं.

---

दादरचा_जोशी

हा क्रम चांगला आहे, विचार करायला लावणारा. तरी एक शंका राहते. याच वेरूळला, याच डोंगरात, शंभरेक वर्षांनी कैलास कोरलं. राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक. तिथे लाकूड कुठे आहे? ते रचलेल्या दगडी देवळाची नक्कल आहे, पट्टदकलच्या विरूपाक्षाशी त्याचं साम्य सगळे सांगतात. म्हणजे रूप लाकडाचं असण्यात पावित्र्य नव्हतं. आधीच्या मान्य वास्तूसारखं असणं महत्त्वाचं होतं, मग ती लाकडाची असो वा दगडाची.

---

कातळवाटा

जोशी, मी हेच म्हणतोय, फक्त तुम्ही जास्त नेमकं मांडलंत. लाकडाला महत्त्व होतं ते पहिली मान्य वास्तू लाकडाची होती म्हणून.

अशी रचलेली वास्तू जवळ पाहायची असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मागची बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठ छप्पर. मुळात ते बौद्ध चैत्य असावं असं अनेक अभ्यासक मानतात. कार्ल्याचं दालन डोंगराबाहेर काढून गावात ठेवल्यासारखं आहे ते.

---

मेक्सिकोप्रेमी

माझी छोटीशी भर. युकातानमध्ये उश्मलला एका मोठ्या चौकाभोवती चार इमारती आहेत, स्पॅनिश लोकांनी त्याला जोगिणींचा मठ असं नाव दिलं. इ.स. ९००च्या आसपासचं माया बांधकाम. दक्षिणेच्या इमारतीत प्रत्येक दारावर गवती छपराची छोटी झोपडी कोरली आहे. महालाच्या अंगावर शेतकऱ्याचं घर! भिंतींवर उभ्या गोल काठ्यांच्या रांगा कोरल्यात, कुडाच्या भिंतीसारख्या. आजूबाजूच्या खेड्यांत माया लोक अजून तशाच घरात राहतात. गाईडने आम्हाला आधी त्याच्या आईचं घर दाखवलं आणि मग ती इमारत. त्या क्रमाने बघितलं म्हणून कळलं.

---

शेंदूर

जपानचं कुणी बोललं नाही. तिथे इसेचं देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, तेच माप, तेच लाकूड, तेच सांधे. शेवटचं २०१३मध्ये झालं, पुढचं २०३३मध्ये. त्यांनी रूप राखण्यासाठी दगडाकडे जायची गरजच ठेवली नाही. सुतार पिढी दर पिढी तयार ठेवले.

---

सुतारनेट

शेंदूर, हे वाचून फार बरं वाटलं. २० वर्षं म्हणजे बरोबर एका उमेदवाराचा मिस्त्री होण्याचा काळ.

---

आगरवाडी

सगळा धागा आईला वाचून दाखवला. तिचा प्रश्न: कार्ल्याला एवढं सगळं दगडात कोरलं, मग फासळ्या तेवढ्या खऱ्या लाकडाच्या का ठेवल्या? त्याही कोरता आल्या असत्या की. कातळवाटांचा मूळ प्रश्न हाच होता ना?

---

कातळवाटा

आईंना नमस्कार सांगा. हो, प्रश्न तोच आहे आणि अजून पूर्ण सुटलेला नाही.

कार्ल्याला लाकूड फक्त फासळ्यांत नाही. स्तूपावरचं छत्रही लाकडाचं आहे आणि ते आजही जागेवर आहे. भाज्याच्या दर्शनी भागात कातळात खाचा दिसतात, तिथे समोरचा पूर्ण पडदा लाकडाचा होता. म्हणजे या लेण्यांना दगडी वास्तू म्हणणंच अपुरं आहे. कातळ आणि लाकूड मिळून ती पुरी होत होती. पाथरवटाने काम संपवलं की सुतार आत येत असणार, आणि सामीचं नाव दाराजवळ आहे ते मला त्यामुळेच महत्त्वाचं वाटतं. भाज्याच्या फासळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली आहेत. देणगीचे लेख दगडावर असतात हे आपण जाणतो, इथे ते लाकडावरही आहेत. ज्या लाकडावर लेख कोरला ते सजावट म्हणून लावलेलं नव्हतं.

माझं उत्तर असं: त्या काळी फासळी हा चैत्याचा खराखुरा अवयव होता, त्यामुळे ती खरीच लागत असे. कोरलेली चालायला पुढची काही शतकं जावी लागली.

---

तुळई

मला यात एक व्यवहारी कारणही दिसतं. लेणं वरून खाली कोरत येतात, आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. छत घडवताना पायाखाली अजून कातळच असतो, परांची लागत नाही. त्या टप्प्यावर उठावदार फासळ्या कोरायच्या म्हणजे दोन फासळ्यांमधला सगळा दगड आणखी खोल काढायचा, तोही डोक्यावर छिन्नी धरून. गुळगुळीत छत करून खाचा ठेवणं आणि नंतर लाकूड बसवणं सोपं. पुढे अजिंठ्याला हात सरावले, तेव्हा ते अवघड कामही केलं. कातळवाटांचं कारण आणि हे कारण, दोन्ही एकत्र नांदू शकतात.

---

सुतारनेट

सोपं म्हणता, पण १४ मीटरवर वळणदार साग चढवून खाचेत घट्ट बसवणं आणि तो दोन हजार वर्षं न सुटणं याला सोपं म्हणू नका साहेब. :-)

---

इझ्मिरकर

चीन राहिला. सिचुआनमध्ये या-आन इथे गाओ यी नावाच्या अधिकाऱ्याच्या समाधीसमोरचे दगडी मनोरे आहेत, इ.स. २०९चे, हान काळाच्या अखेरचे. वरच्या छपराखाली लाकडी घोडक्यांची (छपराला आधार देणाऱ्या ब्रॅकेटांची) एकावर एक रचना दगडात जशीच्या तशी कोरली आहे. हान काळातल्या लाकडी इमारती आज उभ्या नाहीत, त्यामुळे तेव्हाचे चिनी सुतार सांधे कसे जुळवत हे बऱ्याच अंशी या दगडांवरूनच कळतं. कुणी तिकडे राहत असेल तर फोटो टाका, विशेषतः छपराच्या कोपऱ्याचे.